पाण्याखालची मेथी

१

"अरुणा आंटीला इंडियाला नेलंच नाही म्हणे. अंकलनी इथेच ठेवलंय तिला, त्या मागच्या—"

लविना फोनवर बोलत होती. इथे आखातात, आमच्या सनद भागातल्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे किराणा दुकानात, बिस्किटांच्या रॅकपलीकडे. अलीकडे मी अंडी फुटकी नाहीत ना ते बघत होते. तिने मान वाकडी करून पाहिलं, तिला मी दिसले, आणि वाक्य तिथेच तुटलं.

"अय्या, रोझमेरी आंटी! खबूस ताजे आलेत, बघा."

"मागच्या काय गं?"

"काय मागच्या?"

"आत्ता म्हणालीस ना, त्या मागच्या."

"ते? ते हॉटेलचं काहीतरी." लविना हूऱ्यात एका हॉटेलात फ्रंट डेस्कला असते. खोटं बोलताना तिचा आवाज पाहुण्यांशी बोलल्यासारखा गोड होतो. "यल्ला आंटी, जाते. शिफ्टला उशीर होतोय."

चौकशी करायची खोड मला आहे. कोणाकडे कोण आलं, कोणाचा व्हिसा अडकला, मला कळलेलं बरं वाटतं. पण अरुणाच्या बाबतीत काही कळायचं राहिलं असेल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती माझी शेजारीण, एका भिंतीची. ती जाऊन आठ महिने होत आले होते.

घरी येईपर्यंत तो एकच शब्द माझ्याबरोबर चालत होता. मागच्या. आमच्या घरांच्या मागे आहे तरी काय? एकच गोष्ट आहे.

२

आमच्या व्हिलांच्या ओळीमागे एक खोलगट प्लॉट आहे. मालकाने कधीतरी बांधकामासाठी मधोमध खणला आणि तसाच सोडला. मग चहूबाजूंना नव्या व्हिला भराव टाकून उंच उभ्या राहिल्या. हिवाळ्यात इथे पाऊस पडतो तो थोडाच, पण आसपासचा सगळा तिथे येऊन बसतो. त्याला जायला वाट नाही. आठवडेच्या आठवडे पाणी उभं राहतं. मग कधीतरी टँकर येतो, पाइप टाकून पाणी ओढून नेतो, आणि काठाकाठाने पांढरं मीठ राहतं.

अशा जागेत अरुणाने भाजी लावली. इथल्या उन्हाळ्यात काही जगत नाही, पेरायचं ते थंडी लागल्यावर. आणि थंडीतच पाणी येणार. मी वसईची, वाडीत वाढलेली. मी तिला पहिल्याच वर्षी म्हटलं, "अगं, ही जागा भाजीची नाही."

"जागा कुठली भाजीची असते, रोझू? आपण करायची," ती म्हणाली.

दर वर्षी ती वरची खारट माती खरवडून टाकायची, वाफे आणखी उंच करायची, मेथी, मुळा, पालक लावायची. दर वर्षी पाणी येऊन अर्धंअधिक कुजवून जायचं. ओसरलं की ही परत वाफ्यात. गाऊनवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फुलाफुलांचा टॉवेल. उकिडवी बसून खुरपं चालवत पुढे पुढे सरकायची, वाफा संपला की वळून पुढचा धरायची. मी पायरीवर बसून तिच्याशी बोलायची. आमच्या दोघींच्या मागच्या दारांना मिळून एकच लांब पायरी आहे.

माझा नवरा आलोशियस हिद्दला पोर्टाकडे कामाला आहे. अंधारात जातो, अंधारात येतो, जेवतो, झोपतो. मुलगा कीथ कॅनडात. दिवसभरात माझं जे काही बोलणं व्हायचं, ते त्या पायरीवर.

मे महिन्यात मी पुतणीच्या लग्नाला वसईला गेले आणि तिकडेच कळलं, अरुणा गेली. झोपेत. परत आले तेव्हा शेजारचे पडदे ओढलेले. तिच्या नवऱ्याला, सदानंदभाऊंना भेटायला गेले तर त्यांनी दार अर्धंच उघडलं. "झालं सगळं, ताई," म्हणाले. कुठे झालं, कसं झालं, हे माझ्यासारखीच्याही तोंडून बाहेर पडलं नाही.

३

नाताळच्या आधी कपाट आवरताना अरुणाचा स्टीलचा डबा सापडला. झाकणावर तिचं नाव घातलेलं. शेवटचा तिच्याकडून पालक भरून आला होता, म्हणजे परत करायची पाळी माझी.

रिकामा डबा परत करायचा नाही हे वसईला आमच्यात आहे, तिच्या जुन्नरलाही आहे. काही नसेल तर साखरेचे चार दाणे टाकायचे, पण डबा रिकामा जायचा नाही; रिकामा गेला की देणंघेणं तुटलं. मी त्यात नेवऱ्या, आमच्या नाताळच्या करंज्या, भरल्या आणि आम्ही ठेवायचो तसा पायरीच्या मधोमध ठेवला. म्हटलं, सदानंदभाऊ घेतील. एकटा माणूस, काय खात असेल.

दुसऱ्या दिवशी डबा तिथेच होता. उचलला तर जड. आत मेथीची जुडी.

मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. मी रव्याचे लाडू दिले, मुळे आले. मी केक दिला, पुन्हा मेथी आली. सदानंदभाऊंनी ऑक्टोबरात वाफे केलेले मी खिडकीतून पाहिले होते, त्यामुळे विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. घरातून काहीतरी जातंय आणि काहीतरी येतंय, एवढ्यानेच माझे दिवस भरल्यासारखे वाटत होते.

कोल्ड स्टोअरमधून आले त्या दिवशीही सकाळचा डबा ओट्यावर होता. मेथी निवडायला घेतली आणि माझे हात थांबले.

जुडी खजुराच्या पातीने बांधलेली होती. पात उभी चिरून, दोन वेढे, टोक आत खोचलेलं. सदानंदभाऊ आयुष्यभर बँकेत हिशेब करत आलेले. बुटाची लेसही ते बसून, विचार करून बांधतात. मेथीची मुळं स्वच्छ धुतलेली, आणि देठांतून अजून पाणी गळत होतं.

मी मागच्या खिडकीशी गेले. पाणी. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं पाणी, आणि त्यात उलटी पडलेली पलीकडची घरं. नाताळच्या आधीच्या पावसापासून ते तसंच होतं. मी रोज बघत होते.

मेथीला एक रात्र पाणी उभं राहिलेलं सोसत नाही. हे मला कोणी शिकवायला नको.

४

बाजारातून आणत असतील, मी म्हटलं. धुऊन, बांधून, बायकोची आठवण म्हणून. माणसं काय काय करतात.

"भाजी खारट झालीय," आलोशियस जेवताना म्हणाला.

"मी मीठ घातलंच नाही अजून."

"मग तुझा पुणेकर शेजारी मिठात बुडवून पाठवत असेल. टिकाऊ म्हणून." तो हसला, आणखी एक खबूस घेतला आणि पोर्टावरच्या क्रेनचं काहीतरी सांगू लागला. मी हो हो म्हणत राहिले.

इथे उन्हाळाभर एसीच्या घरघरीत शेजारचं काही ऐकू येत नाही. हिवाळ्यात एसी बंद होतात आणि घराला कान येतात. नळाचा थेंब, भिंतीपलीकडची खुर्ची, सगळं येतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर मी भांडी घासत होते. नळ बंद केला आणि मागून आवाज आला.

खर्र. खर्र. मग जरासं थांबून, पुन्हा खर्र.

ओल्या मातीतून खुरपं ओढल्याचा. मध्येच ठक, खडा लागल्यासारखा. एरवी अशा वेळी अरुणा "मेला दगड" म्हणायची. मी हात पुसत उभी राहिले, आणि खरं सांगते, त्या दोन शब्दांची वाट बघत राहिले.

खिडकीतून ऊन लखलखत होतं. वारा नव्हता. साऱ्या पाण्यावर एकाच ठिकाणी, काठाशी, बारीक तरंग उठत होते. उठायचे, थोडं पुढे सरकून पुन्हा उठायचे. सरळ रेषेत. रेषा संपली तिथे थांबले, वळले, आणि शेजारून परत यायला लागले.

मासा असेल, मी म्हटलं. पावसाच्या पाण्यात मासा कुठून येणार, ते काही मी स्वतःला विचारलं नाही. त्या संध्याकाळी मी डब्यात शिरा भरून ठेवला. ठेवताना पायरीकडे बघितलं नाही.

५

चिरागचा फोन त्याच आठवड्यात आला. अरुणाचा मुलगा, पुण्याला असतो.

"काकू, बाबांना समजवा ना प्लीज. त्यांचा व्हिसा संपतोय. मी गुरुवारी येतोय, शुक्रवारचं फ्लाइट आहे दोघांचं. ते म्हणतात, वाफे टाकून येणार नाही. कसले वाफे, काकू? तिथे तर पाणी आहे ना?"

"पाणीच आहे रे," मी म्हटलं.

"खोकला ऐकलाय तुम्ही त्यांचा? फोनवर बोलवत नाही त्यांना."

मी ऐकला होता. मी चहा घेऊन गेले. सदानंदभाऊंनी या वेळी दार पूर्ण उघडलं. पॅन्ट मांडीपर्यंत भिजलेली, पायांना चिखल, आणि ओल संपते तिथे वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ. घरात दिवाणखान्यापासून मागच्या दारापर्यंत ओली पावलं होती. एकाच माणसाची. मी नीट पाहिलं.

"भाऊ, पाण्यात जाता तुम्ही? या थंडीत?"

"गुडघाभर तर आहे."

"मध्ये खड्डा आहे. कंबरभर. आणि खाली सगळा चिखल, पाय निघत नाही. अरुणाच सांगायची."

"ती आता मध्येच वाफे करतेय," ते म्हणाले. पोहे केलेत म्हणावं तसं. "इकडचे झाले सगळे."

मी चहाचा कप टेबलावर ठेवला.

"भाऊ, एक विचारू? रागावू नका. तिला इंडियाला नेलं होतं ना?"

"इथेच अग्नी दिला. चिराग अस्थी घेऊन गेला. नाशिकला सोडल्या." ते सोफ्याच्या काठावर बसले. "सगळ्या. मी चिमूटभरही ठेवली नाही. ठेवली असती तर मला कळलं तरी असतं, ती का आली ते."

"मग ती मेथी? तुम्हीच ठेवता ना डब्यात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्यांना माझा राग आलेला दिसला.

"डब्याला मी हात लावत नाही, रोझमेरीताई. ते तुमच्या दोघींचं आहे."

त्यांनी मागच्या खिडकीकडे बोट केलं.

"मी या खिडकीत बसून बघतो. तुमचा डबा तिथे असतो, मग नसतो, मग परत असतो. बघतानाच कधी पापणी लवते कळत नाही. तुम्हाला देते ती. मला एक काडीसुद्धा नाही. चाळीस वर्षं माझा संसार केला तिने, आणि..." खोकल्याने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणून मी आत जातो. जवळ गेलं की पुढे सरकते. रोज थोडी पुढे."

घरी येऊन मी दार लावलं आणि जमिनीवरच बसले. नेवऱ्या, लाडू, केक, शिरा. माझ्या हातचं सगळं कोणीतरी खाल्लं होतं, आणि डबा घासून, पुसून, भरून परत दिला होता. आणि दर वेळी, पाळी पुन्हा माझ्यावर आली होती.

६

गुरुवारी दुपारी आभाळ भरून आलं. चिरागचं विमान संध्याकाळी उतरायचं होतं. मी सकाळपासून कामं करता करता खिडकीशी येऊन बघत होते.

सदानंदभाऊ मागच्या दाराने बाहेर आले. ऑफिसचा शर्ट, नीट खोचलेला. पायरी उतरले आणि पाण्यात चालू लागले. थांबले नाहीत, पाय चाचपले नाहीत. त्यांच्यापुढे, थोड्या अंतरावर, पाण्यावर तेच तरंग. रेषा पुरी करून वळत होते, पुढची रेषा धरत होते. प्रत्येक रेषा खड्ड्याच्या जास्त जवळ.

"भाऊ!" मी पायरीवर धावले. "सदानंदभाऊ, मागे फिरा! चिराग येतोय हो!"

पाणी मांडीपर्यंत. कमरेपर्यंत. मग त्यांचा एक पाय खाली गेला आणि ते कलंडले. सावरले, पण पुढेच. हात पुढे केलेले, घेण्यासाठी करतात तसे.

मला पोहता येत नाही. आसपास हाक मारावी असं कोणी दिसत नव्हतं. मी आत पळाले. डबा घासून पालथा ठेवलेला होता. सकाळीच पालक आला होता त्यातून, आणि त्यात घालायला मी खीर केली होती, ती शेगडीवर होती, गरम. मी तिच्याकडे बघितलं, आणि नुसता डबा उचलला.

पायरीच्या मधोमध ठेवला. झाकण काढून बाजूला ठेवलं. तळ दिसत होता. कोणाच्या दारात असा उघडा रिकामा डबा ठेवायचा, आईने पाहिलं असतं तर हात मोडला असता माझा.

"अरुणा," मी म्हटलं. "घे. रिकामा आहे गं. खलास. आता काही नाही माझ्याकडे."

तरंग थांबले.

सगळं पाणी काचेसारखं स्थिर झालं. सदानंदभाऊही थांबले. मग तरंग वळले. रेषा अर्धी टाकून. अरुणाने कधी वाफा अर्धा टाकला नव्हता. ते सरळ माझ्याकडे यायला लागले, सदानंदभाऊंच्या अगदी कुशीजवळून. त्यांनी दोन्ही हात पाण्यात घातले आणि रिकामे वर काढले.

मी डोळे मिटणार होते. पण माझी खोड मला नडली.

पायरीखाली पाणी वीतभर होतं. त्या वीतभर पाण्यातून फुलाफुलांचा टॉवेल वर आला. त्याखाली ओला शर्ट, वाकलेली पाठ. उकिडवी बसलेली. तोंड वर केलं नाही तिने, एवढे माझ्यावर उपकार. एक हात आला, नखांत काळी माती. त्याने डब्याच्या आत बोटं फिरवली, तळावरून, कडेकडेने, काही राहिलंय का बघतात तशी. बराच वेळ फिरवली. मग झाकण उचलून, नीट, आवाज न करता बसवलं. तिला भांडी आपटलेली आवडत नसत.

डबा पाण्यात गेला. बुडबुडा आला नाही.

मी भानावर आले ती सदानंदभाऊंच्या रडण्याने. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ते लहान मुलासारखे रडत होते. कपडे वाळत घालायची दोरी सोडून मी त्यांच्याकडे टाकली, आणि त्यांनी ती धरली.

७

शुक्रवारी ते गेले. चिरागने मला वाकून नमस्कार केला. सदानंदभाऊ गाडीत बसले, पण खिडकीची काच त्यांनी खाली केली नाही. मी त्यांचा जीव वाचवला की त्यांचं काही हिसकावून घेतलं, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नसावं.

पुढच्या आठवड्यात टँकर आला. माणसांनी पाइप टाकला, दिवसभर मोटर चालली. संध्याकाळी मी चप्पल घालून खाली उतरले. डबा नव्हता. तळाशी वाफे मात्र होते. काठापासून खड्ड्यापर्यंत, एकाला एक लागून, दोरी लावल्यासारखे सरळ. शेवटचा अर्धा. त्यांवर एकही पान नव्हतं, नुसतं मीठ.

मग सगळं शांत झालं. शेजारी कुलूप. आलोशियस अंधारात जायचा, अंधारात यायचा. मी नळ बंद करून उभी राहायची, आणि काही ऐकू यायचं नाही. मफी, काहीच नाही. खुर्ची नाही, खोकला नाही, खुरपं नाही. मला वाटलं होतं मी सुटले. महिनाभरात मी रेडिओशी बोलायला लागले.

फेब्रुवारीत पुन्हा पाऊस झाला. रात्रीत प्लॉट भरला.

परवा लविना भेटली, त्याच कोल्ड स्टोअरमध्ये. आता सदानंदभाऊ नाहीत म्हटल्यावर तिला धीर आला होता.

"आंटी, खरं सांगा. अरुणा आंटीला इंडियाला नेलंच नव्हतं ना?"

"नेलं होतं. चिराग घेऊन गेला. नाशिकला सोडलं सगळं."

"काय सांगता!" तिचा चेहरा पडला. "म्हणजे ते सगळं खोटंच. अंकलनी इथे मागे ठेवलंय तिला वगैरे."

"अंकलनी नाही," मी म्हटलं.

ती पुढे काही विचारायच्या आत मी दूध आणि गूळ घेऊन निघाले. आभाळ आलं होतं, आणि मला घरी जाऊन खीर करायची होती. तिचा डबा गेला, पण माझ्याकडे माझे आहेत. बिचारी दिवसभर त्या गार पाण्यात बसून असते. निदान डबा तरी गरम जायला हवा.